दोनशे ग्रॅम

महूच्या पुढे डांबर संपतं, मग मुरूम,
मग मुरूमही हात वर करतो.
तिथून कुंडीफळियापर्यंत नुसती उतरण.
पाठीवर लसीचा डबा, खांद्याला झुलता काटा,
पिशवीत चपलांचा दुसरा जोड.

गाव म्हणावं इतकी घरं जवळ नाहीत.
एका टेकाडावर एक,
ज्याचा त्याचा मका, ज्याचा त्याचा कुत्रा,
हाक मारायची तर दोन्ही तळवे तोंडाशी.
मोबाइलला एकच खडक.
आजारी माणसाची बातमी आधी खडकावर चढते,
मग माणूस, खाटेवर, चौघांच्या खांद्यांवर.
गेल्या श्रावणात रामतू रस्त्यापर्यंत पोचलीच होती.
गाडी यायच्या आत, मैलाच्या दगडाशी.
पोरगं राहिलं.

तेच आज पहिलं झोळीत.
सागाच्या फांदीला काटा टांगला,
पाय लोंबले, रडलं नाही.
मी आकडा लिहिला, हिरव्या पट्ट्यात टिंब दिलं.
अशी टिंबं वर्षभराची.
वरच्या मीटिंगमध्ये माझं नाव
चांगल्यांत घेतात.

तेवढ्यात झेतली आली.
तिला वय विचारू नये, मुकाट्याने सत्तर धरावं.
ओच्यात एक काळा दगड, नदीने घोटलेला.
"आधी ह्याला तोल."
मी हसले. पोरी हसल्या, पण तिच्याकडे न बघता.

दगडाची हकिकत गुलसिंगने सांगितली.
मानपूरच्या हाटात माप मारायचे,
मोहाच्या फुलांत, मक्यात, डिंकात,
पाच किलोचे चार, वर ओलाव्याची तूट.
म्हातारी एक दिवस चालत महूच्या पोस्टात गेली,
पार्सलच्या काट्यावर दगड ठेवू द्या म्हणाली.
बाबूने दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा ठेवू दिला.
दोन किलो, बरोबर.
तेव्हापासून हाटात आधी दगड चढतो, मग मोहू.
अक्षर तिला येत नाही. काटा येतो.

मी दगड झोळीत ठेवला.
काटा फिरला, थबकला, अजून थोडा सरकला.
दोन किलो दोनशे.

फांदी बदलली. वारा पडेस्तोवर थांबले.
दोन किलो दोनशे.

मग दगड काढून घेतला आणि पहिल्यांदाच
रिकाम्या झोळीकडे पाहिलं.
काटा शून्याच्या पुढे उभा होता.
दिवाळीनंतर नवी झोळी आली, जाड, रेक्झिनची.
काटा अजून जुन्या सुती झोळीच्या शून्यावर,
आणि मी दर महिन्याला
झोळीचं वजन मुलांना देत आले होते.

व्यापाऱ्याला झेतली जे म्हणते
ते ती मला म्हणाली नाही.
दगड ओच्यात घेतला, तिथेच बसली,
सगळी मुलं पुन्हा तोलून होईस्तोवर.
अकरांतली पाच हिरव्यात राहिली.
रामतूचं पोर लाल रेघेच्या खाली.

चढण. शेवटची बस. सरवट्याला उतरले तेव्हा
इंदूर नेहमीसारखं धुऊन पुसून बसलं होतं.
रामबागेच्या वळणावर सवयीने म्हटलं,
दोनशे ग्रॅम लौंगवाली शेव.
दुकानातल्या पोराने काट्यावर आधी कागद ठेवला,
बटण दाबलं, शून्य केलं,
मग शेव. वर एक चिमूट उगाच, "बाई, आपल्यासाठी."
एवढंसं पोर. त्याला कोणी शिकवलं असेल?

पुडी हातात धरून बघितली.
जास्त नाही लागत.

आता टेबलावर ती आहे, वही आहे.
मीटिंग सकाळी अकराला.
खोडायचं नाही, खोडलेलं चालत नाही;
एकेका हिरव्या टिंबाशेजारी
दुसरं टिंब देते आहे,
खाली तारीख, खाली सही.
आठ महिने. अकरा मुलं.
रेफिल संपत आली आहे.